जुना कोड बदलणे म्हणजे फेरकाम का?

संगणकाच्या तासाला आपण प्रोग्राम लिहायला शिकतो. कोरा पडदा, पहिली ओळ, मग दुसरी, असे करत प्रोग्राम पुरा होतो आणि आपल्याला वाटते की संगणक अभियंत्याचे काम म्हणजे हेच. प्रत्यक्षात नोकरीला लागलेल्या कोणाही ताई-दादाला विचारून पाहा. पहिल्या ओळीपासून नवे लिहिण्याची वेळ त्यांच्यावर क्वचित येते. बहुतेक दिवस दुसऱ्या कोणीतरी, कधी तर दहा-पंधरा वर्षांपूर्वी, लिहून ठेवलेला कोड वाचण्यात, समजून घेण्यात आणि बदलण्यात जातात.

हे ऐकले की घरातली मोठी माणसे काळजीत पडतात. "सहा महिने झाले, जुनेच दुरुस्त करतोय म्हणतो, मग नवीन काय केले?" असा प्रश्न आम्हाला पालकांच्या सभेत अनेकदा ऐकू येतो. विद्यार्थीही प्रोजेक्टची वही परत मिळाली की कपाळाला आठ्या घालतात. "सर, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!" म्हणजे जे लिहिले होते ते बदलावे लागले, तर आधीची मेहनत वाया गेली, असा सर्वांचा समज आहे. हा समज कितपत खरा आहे, ते या पाठात पाहू.

आधी शब्दाचा अर्थ

कारखान्यात एक शब्द नेहमी ऐकू येतो, रिवर्क. आपण त्याला फेरकाम म्हणू. गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयएसओ ९००० मध्ये, याची व्याख्या थोडक्यात अशी आहे : जी वस्तू ठरलेल्या अपेक्षेप्रमाणे झालेली नाही, ती त्या अपेक्षेप्रमाणे व्हावी म्हणून तिच्यावर केलेले काम म्हणजे फेरकाम.

या व्याख्येत दोन गोष्टी आहेत. एक, अपेक्षा आधी ठरलेली होती. दोन, वस्तू त्या अपेक्षेत बसली नाही. दोन्ही गोष्टी असतील तरच ते फेरकाम. नुसते 'पुन्हा हात लावला' एवढ्याने काम फेरकाम होत नाही.

शिंप्याचे उदाहरण घेऊ. गणवेशाच्या शर्टाला माप चौदाचे दिले आणि कॉलर तेराची शिवली. आता ती उसवून पुन्हा शिवावी लागेल. हे फेरकाम. त्याचे पैसे शिंपी मागणार नाही, आपणही देणार नाही. पुढच्या वर्षी मुलगा चार बोटे वाढला आणि पँटची दुमड सोडून घेतली. शिवण उसवली, पुन्हा घातली, सुई-दोरा तोच, हातही तोच. पण हे फेरकाम नव्हे. पँट शिवली तेव्हा बरोबरच होती, मुलगा वाढला. जाणता शिंपी हे आधीच ओळखतो आणि शिवणीत थोडे कापड जास्त ठेवतो. त्याला आपण 'माया ठेवणे' म्हणतो. तिसरी गोष्ट, शर्ट नीट बसतो आहे, पण आतले टाके सैल आहेत म्हणून आईने सुट्टीत ते पक्के करून घेतले. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच फरक दिसणार नाही, पण शर्ट वर्षभर जास्त टिकेल.

उसवण्याची क्रिया तिन्ही वेळा झाली. कारण मात्र तिन्ही वेळा वेगळे होते. कोडच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवायचे आहे.

गाडीचा नंबर बदलला तेव्हा

देवास गेटच्या बस स्टँडवरून रेल्वे स्टेशन पायी गाठता येते. मुंबईकडच्या नातेवाइकांकडे जाताना आपल्यापैकी पुष्कळ जण अवंतिका एक्सप्रेसने जातात. ही गाडी पूर्वी २९६१ आणि २९६२ या नंबरांनी ओळखली जाई. २० डिसेंबर २०१० पासून रेल्वेने देशभर गाड्यांचे नंबर चार अंकांऐवजी पाच अंकांचे केले. अवंतिका १२९६१ आणि १२९६२ झाली, माळवा एक्सप्रेस २९१९ ची १२९१९ झाली.

आता कल्पना करा की स्टेशनाजवळ तिकिटे काढून देणाऱ्या एका दुकानदाराने आपल्या हिशेबासाठी २००५ साली एक छोटा प्रोग्राम करून घेतला होता. त्यात गाडीच्या नंबरासाठी चारच अंकांची जागा आहे. २० डिसेंबरच्या सकाळी तो १२९६१ लिहू लागला, तर शेवटचा अंक बसेना. प्रोग्राम बदलावा लागला. हे फेरकाम झाले का?

२००५ साली ठरलेली अपेक्षा चार अंकांची होती. प्रोग्राम तिच्याप्रमाणे बरोबर चालत होता. जग बदलले म्हणून प्रोग्राम बदलला. म्हणून हे फेरकाम नव्हे. शास्त्रात याला अनुकूलक बदल म्हणता येईल, म्हणजे बदललेल्या परिस्थितीला जुळवून घेण्यासाठी केलेला.

पण इथे थांबू नका. समजा, प्रोग्राम लिहिणाऱ्याने 'गाडी नंबर = ४ अंक' हा नियम एकाच ठिकाणी लिहिला असता, तर बदल अर्ध्या तासात झाला असता. त्याने तो तिकिटाच्या पानात, पावतीच्या पानात, महिन्याच्या अहवालात, शोधण्याच्या पानात असा तीस ठिकाणी लिहून ठेवला होता. आता तीसही जागा शोधा, बदला, तपासा. एक राहिली तर पावतीवर १२९६१ ऐवजी १२९६ छापले जाणार. यातला अर्ध्या तासाचा बदल हा काळाचा होता. उरलेले चार दिवस मात्र आधीच्या निष्काळजीपणाचे होते. म्हणजे एकाच बदलाच्या पोटात दोन्ही प्रकार असू शकतात. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने १९९२ साली यासाठी कर्जाची उपमा वापरली. घाईत केलेले काम म्हणजे उचललेले कर्ज. ते लवकर फेडले तर ठीक, नाहीतर पुढच्या प्रत्येक बदलाबरोबर व्याज भरावे लागते.

दोन हजार साल

याच प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या पालकांना आठवत असेल. १९६० आणि १९७० च्या दशकांत संगणकाची स्मृती फार महाग होती. त्यामुळे वर्ष लिहिताना १९७२ ऐवजी नुसते ७२ लिहीत. पुढे लक्षात आले की १ जानेवारी २००० ला संगणक वर्ष '००' समजेल आणि वयाचे, व्याजाचे, मुदतीचे हिशेब उलटे होतील. जगभरात कोट्यवधी ओळींचा जुना कोड तपासून बदलावा लागला. यातले बरेच काम भारतीय कंपन्यांकडे आले. मुंबई, पुणे, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद येथील हजारो तरुणांनी स्वतः न लिहिलेला कोड वाचून दुरुस्त केला आणि परदेशी ग्राहकांचा विश्वास मिळवला.

हे फेरकाम होते का? जो प्रोग्राम १९६८ साली लिहिला, त्यात दोन अंक वापरणे ही विचारपूर्वक केलेली काटकसर होती. तो तीस वर्षे चालेल असे लिहिणाऱ्याला वाटलेही नसेल. त्याला आपण चूक म्हणू शकत नाही. पण १९९५ साली, स्मृती स्वस्त झाल्यावर आणि दोन हजार साल पाच वर्षांवर आलेले दिसत असताना ज्याने पुन्हा दोनच अंक वापरले, त्याच्या कोडवर जे काम करावे लागले ते सरळ फेरकाम होते.

आणखी एक बारकावा पाहा. १०० ने भाग जाणारे वर्ष लीप नसते, हे पुष्कळांना माहीत होते. पण ४०० ने भाग जात असेल तर ते लीप असते, हा पुढचा नियम काही जण विसरले. १९०० हे लीप वर्ष नव्हते, २००० होते. ज्या प्रोग्रामने २९ फेब्रुवारी २००० ही तारीख नाकारली, तो लिहिला त्या दिवशीही चुकीचाच होता, फक्त चूक उघडकीस यायला वेळ लागला. ते दुरुस्त करणे हे निखळ फेरकाम. म्हणून चूक कधी सापडली याला महत्त्व नाही. लिहिताना ती चूक होती की नव्हती, हे पाहायचे.

आपल्या उज्जैनचा धडा

संगणक नव्हते तेव्हाही गणिताचे प्रोग्राम होते. पंचांग हा तसाच एक प्रोग्राम आहे. काही आरंभीचे अंक घ्यायचे, ठरलेल्या क्रमाने गुणाकार-भागाकार करायचे आणि आजची तिथी, ग्रहाचे स्थान, ग्रहणाची वेळ काढायची. अशा रीती सांगणाऱ्या ग्रंथांना करणग्रंथ म्हणतात. भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा उज्जयिनीवरून जाते असे मानत, त्यामुळे या विषयात आपल्या गावाचे नाव पहिले येते.

इथल्या वराहमिहिराने सहाव्या शतकात पाच जुन्या सिद्धांतांचा सार सांगणारा 'पंचसिद्धांतिका' हा ग्रंथ लिहिला. त्यातला सूर्यसिद्धांत आणि आज आपल्याला मिळणारा सूर्यसिद्धांत यांतले अंक एकसारखे नाहीत. नाव तेच, आतले अंक सुधारलेले. आजच्या भाषेत ही पुढची आवृत्ती झाली. आर्यभटाच्या अंकांत लल्लाने फरक सुचवला, त्याला बीजसंस्कार म्हणतात. मूळ रीत तशीच ठेवायची आणि काही अंकांना ठरावीक भर किंवा घट द्यायची, असे याचे स्वरूप. कोडमध्ये छोटी दुरुस्ती जोडतात तसेच हे आहे.

हे बदल का लागले? सूर्यसिद्धांताचे वर्ष आजच्या नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. साडेतीन मिनिटे म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण चारशेहून थोड्या अधिक वर्षांत त्यातून एक पूर्ण दिवस साचतो. दुर्बीण नसताना, नुसत्या डोळ्यांनी वेध घेऊन इतक्या जवळ जाणाऱ्यांना चुकलेले कोण म्हणेल? त्यांच्या काळी जी अपेक्षा होती ती त्यांनी पुरी केली. पुढे फरक साचला तेव्हा सुधारणा करणे हे पुढच्यांचे कर्तव्य होते.

कोकणातील नांदगावच्या केशव दैवज्ञांनी १४९६ च्या सुमारास 'ग्रहकौतुक' लिहिले. पुढे अंतर पडेल तेव्हा पुढच्या गणकांनी वेध घेऊन नवे ग्रंथ करावेत, असा त्यांचा विचार होता. म्हणजे आपल्या गणितात माया ठेवायला ते विसरले नाहीत. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी १५२० साली 'ग्रहलाघव' केले. कोणत्या जुन्या ग्रंथाचा कोणता ग्रह आकाशाशी जुळतो हे पाहून त्यांनी अंक घेतले आणि ज्या-कोष्टकांची किचकट रीत टाळून साध्या अंकगणितात सर्व बसवले. अकरा वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे, एक चक्र धरल्यामुळे मोठमोठे आकडे हाताळण्याचा त्रास वाचला. गावोगावचा जोशी पाटीवर पंचांग करू शकेल इतके ते सोपे झाले. आधीच्या ग्रंथांच्या आधारावर केलेल्या या कामाला कोणी 'जुनेच उगाळले' म्हटले नाही. महाराष्ट्रात शतकानुशतके ते वापरात राहिले.

साडेतीनशे वर्षांनी तेही मागे पडले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली आणि १८६५ पासून नव्या गणिताचे पटवर्धनी पंचांग निघू लागले. पण जुन्या पंचांगावर लोकांचे सण, व्रते, मुहूर्त चालत होते. तिथी बदलते म्हटल्यावर लोक सहजासहजी तयार झाले नाहीत आणि पंचांगाचा वाद पुढे पुष्कळ वर्षे चालला. १९५२ साली भारत सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली तेव्हा देशात सुमारे ३० वेगवेगळी पंचांगे चालू होती. या समितीत आपल्या देवास गेटच्या माधव कॉलेजात गणित शिकवणारे आर. व्ही. वैद्य हेही सभासद होते. समितीच्या कामातून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली.

जयसिंगपुऱ्यातील वेधशाळेची सहल तुम्ही केली असेल. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती बांधली. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे हे तिचे पहिले अधीक्षक झाले. तिथल्या सम्राट यंत्रावर सावलीने वेळ कळते. ती मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही, म्हणून काही मुले "यंत्र चुकले" म्हणतात. यंत्र चुकलेले नाही. ते उज्जैनची स्थानिक वेळ दाखवते. आपले घड्याळ १९०६ साली सुरू झालेली भारतीय प्रमाणवेळ दाखवते, जी ८२ अंश ३० कला रेखांशाची आहे. उज्जैन सुमारे ७५ अंश ४६ कलांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणून सुमारे २७ मिनिटांचा फरक पडतो. शिवाय सूर्याच्या गतीमुळे वर्षभर कमी-जास्त होणारा फरक वेगळा. म्हणून तिथे किती मिनिटे मिळवायची याचे कोष्टक दिलेले आहे. यंत्राची भिंत न पाडता, वर एक कोष्टक देऊन ते नव्या अपेक्षेला जुळवून घेतले आहे. यापेक्षा सोपे उदाहरण अनुकूलक बदलाचे सापडणार नाही.

बदलाचे चार प्रकार

सॉफ्टवेअरच्या शास्त्रात बदलांची वर्गवारी १९७६ साली ई. बर्टन स्वॉन्सन यांनी मांडली. त्यांनी तीन प्रकार केले, पुढे चौथा त्यात आला.

१. दुरुस्तीचा बदल : चूक होती, ती काढली.
२. अनुकूलक बदल : बाहेरची परिस्थिती बदलली, तिला जुळवून घेतले.
३. सुधारणेचा बदल : आहे ते अधिक चांगले, वेगवान किंवा वापरायला सोपे केले.
४. प्रतिबंधक बदल : पुढे त्रास होऊ नये म्हणून आतली रचना नीट केली.

यातला पहिला प्रकार तेवढा फेरकामात मोडतो. चौथ्या प्रकाराजवळची एक पद्धत रिफॅक्टरिंग या नावाने ओळखली जाते. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या पुस्तकाने हा शब्द घरोघरी पोचवला. प्रोग्राम बाहेरून जसा वागतो तसाच वागला पाहिजे, फक्त आतली मांडणी सुधारायची, ही त्याची अट. मघाशी आईने पक्के केलेले आतले टाके आठवा.

मेयर लेहमन यांनी १९७४ पासून मांडलेल्या नियमांपैकी पहिला नियमही इथे सांगायला हवा. जो प्रोग्राम रोजच्या व्यवहारात वापरला जातो, तो सतत बदलत राहिला पाहिजे, नाहीतर तो हळूहळू निरुपयोगी होतो. याचा अर्थ, ज्या कोडला कोणी हात लावत नाही तो एकतर कोणी वापरत नाही, नाहीतर त्याला हात लावायची सर्वांना भीती वाटते.

निकालपत्रकाचा प्रोग्राम

आता आपल्या प्रयोगशाळेतले उदाहरण करून पाहू. एका विषयाचे गुण घेऊन उत्तीर्ण की अनुत्तीर्ण ते सांगायचे आहे. उत्तीर्ण होण्यास किमान ३३ गुण हवेत. एका विद्यार्थ्याने असे लिहिले :

जर गुण > ३३ असतील, तर 'उत्तीर्ण' लिही.
नाहीतर 'अनुत्तीर्ण' लिही.

यात बरोबर ३३ गुण मिळवणारा नापास होतो. 'पेक्षा जास्त' ऐवजी 'इतके किंवा जास्त' हवे. हा बदल फेरकाम आहे, कारण किमान ३३ ही अपेक्षा आधी सांगितलेली होती.

पुढे गुरुजी म्हणाले, आता श्रेणीही दाखवा. ही नवी मागणी. जुन्या ओळी बदलतील, पण हे फेरकाम नव्हे.

मग लक्षात आले की पाच विषयांसाठी ३३ हा आकडा पाच ठिकाणी लिहिला आहे. तो एकदाच 'किमानगुण' या नावाने वर लिहिला आणि पाचही ठिकाणी ते नाव वापरले. निकाल तोच राहिला. हे रिफॅक्टरिंग. निकाल तोच राहिला हे कशावरून? मागच्या चाचणीतील सर्व मुलांचे गुण दोन्ही प्रोग्रामना द्या आणि उत्तरे ताडून पाहा. जुने ज्योतिषी ग्रहणाच्या वेळेवरून आपले गणित पारखत. आपण मागच्या निकालावरून पारखू. अशी पारख न करता केलेले रिफॅक्टरिंग म्हणजे फेरकामाला आमंत्रण.

शेवटी एक अडचण आली. गैरहजर मुलाचे काय? प्रोग्रामने त्याला शून्य गुण देऊन अनुत्तीर्ण ठरवले. गुरुजींना 'गैरहजर' असा शेरा हवा होता. इथे चूक कोणाची? विद्यार्थ्याने विचारले नाही, गुरुजींनी सांगितले नाही. हे फेरकामच आहे, पण ते लिहिण्यातल्या चुकीचे नसून विचारण्यातल्या चुकीचे आहे. अशा फेरकामाचा उपाय जास्त काळजीपूर्वक टाइप करणे हा नाही. लिहिण्यापूर्वी जास्त प्रश्न विचारणे हा आहे.

एक आक्षेप

कोणी म्हणेल, हे सगळे शब्दांचे खेळ आहेत. आधीच पुरा विचार केला असता तर कोणताच बदल लागला नसता, म्हणून सर्व बदल वायाच. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. घर बांधताना दरवाजा कुठे हवा हे आधी ठरवतात, भिंत उभी राहिल्यावर नव्हे. पण काही गोष्टी वापरल्याशिवाय कळतच नाहीत. गणेश दैवज्ञांना आपल्या अंकांतला बारीक फरक आकाश पाहूनच कळला असता, आणि तोही पुष्कळ वर्षांनी. जे त्या वेळी कळणे शक्य नव्हते त्याला चूक म्हणणे न्यायाचे नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. "आम्ही सतत सुधारणा करतो" या गोड वाक्याआड निष्काळजीपणा लपवता येतो. याची एक खूण आहे. त्याच ठिकाणी, त्याच कारणाने दुसऱ्यांदा बदल करावा लागला, तर ती सुधारणा नव्हे.

या दोन्ही टोकांचा परिणाम वाईट होतो. प्रत्येक बदलाला फेरकाम म्हणून नोकरदाराचे गुण कापले, तर कोणी जुन्या कोडला हात लावणार नाही आणि तो आतून सडत जाईल. कोणत्याच बदलाला फेरकाम म्हटले नाही, तर चुका कधीच मोजल्या जाणार नाहीत आणि कमी होणार नाहीत. आता संगणक स्वतःच चटकन नवा कोड लिहून देऊ लागला आहे. अशा वेळी दुसऱ्याने लिहिलेले वाचून, पारखून, जबाबदारीने बदलणे हे कौशल्य पूर्वीपेक्षा जास्त लागणार आहे.

पालकांना आणि विश्वस्तांना

पालकांना आमची विनंती आहे की जुना कोड सांभाळणारा मुलगा किंवा मुलगी मागे पडली असे समजू नका. बँकेचा, रेल्वेचा, इस्पितळाचा प्रोग्राम चालू असताना तो न थांबवता बदलणे हे नवशिक्याचे काम नाही. फक्त एवढे विचारा : "बदल कशासाठी केलास?" याचे उत्तर त्याला नीट देता आले, तर तो शिकतो आहे.

विश्वस्त मंडळींपुढे वेगळा प्रश्न येतो. शुल्क, निकाल, ग्रंथालय यांसाठी संस्था प्रोग्राम घेतात आणि मग दर वर्षी बदलाचे बिल येते. कोणते द्यावे आणि कोणते नाकारावे? करार करतानाच लिहून घ्यावे की ठरलेल्या कामातील चुकीची दुरुस्ती विनामूल्य होईल, आणि नव्या नियमामुळे किंवा नव्या मागणीमुळे होणाऱ्या बदलाचा मोबदला वेगळा राहील. त्यासाठी मूळ मागणी लेखी असली पाहिजे. ती लेखी नसेल तर प्रत्येक बदल पुरवठादाराला नवी मागणी वाटतो आणि आपल्याला त्याची चूक वाटते, आणि वादाचा निकाल कधीच लागत नाही. थोडी रक्कम आतल्या डागडुजीसाठीही धरावी. इमारतीला दर काही वर्षांनी रंग लावतो तेव्हा आपण गवंड्याला दोष देत नाही.

चार प्रश्न

कोणताही बदल करण्यापूर्वी वहीत हे चार प्रश्न लिहून त्यांची उत्तरे द्या.

१. आधी काय ठरले होते?
२. जुना कोड त्या ठरल्याप्रमाणे चालत होता का?
३. नसेल, तर चूक विचारण्यात झाली, लिहिण्यात झाली की तपासण्यात?
४. असेल, तर आता काय बदलले : जग, मागणी की आपली समज?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले तर ते फेरकाम. ते लाजेने लपवू नका, मोजा. 'होय' आले तर ते फेरकाम नव्हे, ते प्रोग्राम जिवंत असल्याचे लक्षण आहे.

सरावासाठी

१. पुढील बदलांपैकी फेरकाम कोणते ते कारणासह सांगा : (अ) पावतीवर शाळेचे नाव चुकीचे छापले जात होते, ते दुरुस्त केले. (आ) शाळेचा दूरध्वनी क्रमांक बदलला म्हणून पावती बदलली. (इ) पावती छापायला दोन मिनिटे लागत, ती दहा सेकंदांत छापली जाईल असे केले.
२. १८००, १९००, २०००, २१०० यांपैकी लीप वर्षे कोणती? ती ओळखणारे नियम मराठीत, क्रमाने लिहा.
३. वेधशाळेत जाऊन सम्राट यंत्रावरची वेळ आणि घड्याळातली वेळ एकाच क्षणी टिपा. कोष्टकाप्रमाणे दुरुस्ती करून किती फरक उरतो ते लिहा.
४. घरात आजी-आजोबांना विचारा : शिवण, स्वयंपाक किंवा हिशेब यांत 'माया ठेवणे' त्यांनी कुठे कुठे केले? प्रोग्राम लिहिताना तसे कुठे करता येईल?
५. मागच्या सत्रातला आपला एक प्रोग्राम घ्या. त्याचे उत्तर न बदलता आतली मांडणी सुधारा. आधीची आणि नंतरची उत्तरे शेजारी शेजारी लिहून दाखवा.

पाचव्या प्रश्नाच्या वह्या पुढच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला तपासल्या जातील. जुना प्रोग्राम पुसू नये. दोन्ही आवृत्त्या वहीत असाव्यात, कारण आपण काय बदलले आणि का बदलले हे दाखवता येणे यालाच गुण आहेत.